छोट्या शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी करणे आणि उतरवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडाची छोटी बोट ट्रेलरवरून ने-आण करणाऱ्यांकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. लिहिताना एकच कसोटी लावली आहे: काठी वर जात असो की खाली येत असो, कुठल्याही क्षणी काम थांबवलं तर ती आहे तिथेच थांबली पाहिजे. ज्या पद्धतीत हे जमत नाही, ती कितीही जणांनी वर्षानुवर्षं वापरलेली असो, मी ती सुचवणार नाही. खालची माहिती साधारण ६ ते ९ मीटर उंचीच्या काठ्यांसाठी आहे.

१. डोलकाठी नेमकी कशाच्या आधाराने उभी राहते?

तारांच्या. बहुतेक छोट्या बोटींवर काठीचा पाय नुसता टेकलेला असतो आणि सगळ्या बाजूंनी तारांनी तिला ताणून धरलेलं असतं. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे जाते ती तार फोरस्टे. मागच्या टोकाकडे जाते ती बॅकस्टे. काही बोटींना ती नसतेच. दोन्ही अंगांना उतरतात त्या श्राउड. त्यातल्या काठीच्या वरच्या भागातून निघणाऱ्या वरच्या श्राउड, आणि मध्यावरून निघणाऱ्या खालच्या श्राउड. वरच्या श्राउडना काठीपासून दूर ठेवणाऱ्या आडव्या दांड्या म्हणजे स्प्रेडर.

प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला ताण कमी-जास्त करायचा टर्नबकल असतो. तो डेकवरच्या पट्टीला एका पिनने जोडलेला असतो, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात नखाएवढी एक रिंग असते. एवढ्या उंच काठीचा भरवसा शेवटी त्या रिंगांवर असतो.

२. माझ्या बोटीची काठी अशी आडवी करता येईल का, हे कसं ओळखायचं?

काठीचा पाय कुठे टेकलाय ते पाहा. तो डेकवर किंवा केबिनच्या छतावर असेल आणि तिथे बिजागरी किंवा आडवा बोल्ट असेल, तर हे पान तुमच्यासाठीच आहे. काठी डेकमधल्या भोकातून खाली जाऊन बोटीच्या तळाशी टेकत असेल, तर ती तिरकी करताच येत नाही, सरळ वर उचलून काढावी लागते. त्यासाठी क्रेन बोलवा. ते काम दोर आणि माणसांच्या बळावर करू नका. तारा नसलेल्या छोट्या काठ्यांसाठी प्रश्न १८ पाहा.

३. किती माणसं लागतात?

साधनं नीट लावली असतील तर दोन पुरतात, तीन असली तर उत्तम. एकाने दोर सांभाळायचा, एकाने काठीजवळ राहून तारांवर नजर ठेवायची, आणि तिसऱ्याने लांब उभं राहून सगळं चित्र पाहायचं. माणसांच्या संख्येपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की सूचना एकानेच द्याव्यात. ‘थांब’ हा शब्द मात्र कुणीही म्हणावा, आणि तो ऐकू आला की कारण न विचारता सगळ्यांनी थांबावं. मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला हे काम सुरू होण्याआधी सांगा. अर्ध्यावर सांगून उपयोग नसतो.

काठी ज्या रेषेत पडू शकते, त्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. लहान मुलं आणि पाहायला जमलेली माणसं काठीच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर.

४. वारा किती असेल तर हे काम करावं?

झाडाची पानं नुसती हलत असतील इतपत चालेल. ताशी १५ किलोमीटरच्या पुढे मी हात घालत नाही, आणि झोत येत असतील तर त्याहून कमी वाऱ्यातही नाही. डोलकाठी बारीक दिसते, पण तिच्यासोबत तारा, दोर, स्प्रेडर, कधी गुंडाळलेलं शीडही असतं, आणि वारा या सगळ्याला ढकलतो. बाजूचा वारा सगळ्यात वाईट. पहाटेची किंवा संध्याकाळची शांत वेळ मिळत असेल तर तिची वाट पाहा.

५. सुरुवात करण्याआधी काय काय तपासायचं?

आधी मान वर करून आभाळ पाहा: वीजतारा, झाडाच्या फांद्या, दिव्याचे खांब. वीजतारांबद्दल प्रश्न ६ आहेच.

मग जमीन. ट्रेलर एका अंगाला कललेला असेल तर काठीही त्याच अंगाला जाईल. जागा सपाट हवी, ट्रेलर गाडीला जोडलेला हवा, चाकांपुढे-मागे ठोकळे हवेत, आणि बोट ट्रेलरला पट्ट्यांनी बांधलेली हवी. ट्रेलर गाडीपासून सोडलेला असेल आणि दोन माणसं बोटीच्या मागच्या भागात चढली, तर ट्रेलरचं पुढचं टोक उचललं जाऊ शकतं. त्या वेळी काठी अर्ध्यावर असेल तर काय होईल ते सांगायला नको.

मग काठी. पायाचा बोल्ट आरपार आहे का, त्याचा नट बसलेला आहे का. प्रत्येक पिन, प्रत्येक रिंग. तारेवरून कापड फिरवा, हात नको. तुटलेला एखादा बारीक धागा कापडात अडकेल, तोच हातात घुसला असता. एक धागा जरी तुटलेला सापडला तरी ती तार बदलायची, आजच्या दिवसापुरती म्हणून चालवायची नाही. तार जिथे खालच्या धातूच्या नळीत शिरते, तिथे गंजाचा डाग आणि केसाएवढी चीर शोधा. पाणी तिथेच साचून राहतं आणि बिघाड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

शेवटी, काठीतून येणाऱ्या दिव्याच्या आणि रेडिओच्या वायरी पायाच्या बिजागरीत चेमटणार नाहीत ना, ते पाहा.

६. वीजतारांची एवढी भीती का? आमच्याकडची तार तर बरीच उंच आहे.

कारण या कामात जीव जातो तो बहुतेक इथे. ॲल्युमिनियमच्या काठीतून वीज वाहते हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्बन फायबरच्या काठीतूनही ती वाहते, हे पुष्कळांना माहीत नसतं. लाकडी काठी ओली असेल तर तीही सुरक्षित नाही, आणि तिच्या तारा तर धातूच्याच असतात. शिवाय उच्च दाबाच्या तारेला स्पर्शच व्हावा लागतो असं नाही. काठी पुरेशी जवळ गेली की वीज हवेतून उडी घेते. होबी १६ या कॅटमरानच्या, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटीच्या, काठीचं वरचं टोक मुद्दाम वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचं करण्यात आलं, ते अशाच अपघातांमुळे. पण त्या टोकाखालची काठी आणि तारा धातूच्याच राहतात, त्यामुळे तेही पूर्ण संरक्षण नाही.

‘बरीच उंच’ हा डोळ्यांचा अंदाज असतो, तो सोडून मोजा. ट्रेलरवर असलेल्या बोटीचं डेक जमिनीपासून २ मीटर, त्यावर ८ मीटरची काठी, तिच्यावर १ मीटरचा अँटेना, म्हणजे ११ मीटर झाले. माझा नियम असा: या एकूण उंचीच्या दीडपट अंतरात एकही वीजतार नको. काठी बाजूला पडली तरी ती तारेपर्यंत पोचू नये, हा त्यामागचा हिशेब. आणि काठी उभी करून बोट पाण्याकडे न्यायची असेल, तर तो संपूर्ण रस्ता आधी वर पाहत पायी चालून या.

काठी तारेला टेकलीच, तर बोटीवर असलेल्यांनी बोटीवरच राहायचं आणि धातूला हात लावायचा नाही. खाली असलेल्यांनी लांब जायचं. बोट, ट्रेलर, गाडी, लोंबणारा दोर, काहीही शिवायचं नाही, बोटीवरच्या माणसाला ओढायलाही जायचं नाही. वीजपुरवठा बंद करायला फोन करायचा, आणि तो बंद झाल्याचं वीज कंपनीकडून कळेपर्यंत कुणीही जवळ जायचं नाही. आग लागली म्हणून उतरावंच लागलं, तर दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारायची. बोट आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. नंतरही पावलं मोठी न टाकता, पाय एकमेकांना चिकटवून सरकत दूर जायचं, कारण आजूबाजूच्या जमिनीतही वीज उतरलेली असते.

७. काठी तर १५ किलोचीच आहे. मग ती उचलताना एवढी जड का लागते?

वजन १५ किलोच आहे, पण ते बिजागरीपासून किती लांब आहे आणि तुम्ही कुठल्या कोनातून ओढताय, यावर सगळं ठरतं. एक उदाहरण घेऊ. काठी ८ मीटर, वजन १५ किलो, फोरस्टे काठीवर ७ मीटरवर जोडलेला, आणि नाळ काठीच्या पायापासून २.५ मीटर पुढे. काठी मागे आडवी आहे, टोक जेमतेम १० अंश उचललेलं आहे, आणि तुम्ही नाळेवर बसून फोरस्टे ओढताय. ओढ जवळजवळ काठीच्याच रेषेत लागते, त्यामुळे उचलायला तिचा उपयोग फार थोडा होतो. हिशेब केला तर साधारण १८५ किलोचा जोर लागतो. तीच काठी ४५ अंशांवर आली की ३० किलोंत काम भागतं.

म्हणजे सगळा त्रास सुरुवातीच्या काही अंशांत आहे, आणि पाठीत उसण भरते, पाय घसरतो, पिन तुटते ती याच टप्प्यात. यावर दोन उपाय आहेत. बोटीच्या मागच्या टोकावर काठीसाठी उंच टेकू ठेवा, म्हणजे सुरुवातच १०-१५ अंशांवरून होईल. आणि ओढीचा कोन सुधारण्यासाठी जिन पोल वापरा.

८. जिन पोल म्हणजे काय? तो कसा लावायचा?

काठीच्या पायाशी, पुढच्या बाजूला, काठीला काटकोनात लावलेला छोटा दांडा. काठी मागे आडवी असते तेव्हा हा दांडा उभा असतो. काठी उभी होत जाते तसा तो पुढे झुकत शेवटी नाळेच्या दिशेने आडवा होतो. त्याच्या टोकापासून एक दोर काठीच्या वरच्या भागाला जातो, आणि त्याच टोकापासून नाळेपर्यंत टॅकल, म्हणजे कप्पींतून दोर फिरवून केलेली, ओढायचा जोर कमी करणारी जोडणी असते. ओढायचा तो टॅकल.

वरच्याच बोटीवर २ मीटरचा जिन पोल लावला, तर काठी पूर्ण आडवी असतानाही टॅकलवर साधारण ४० किलोचा ताण येतो. चौपट टॅकल, म्हणजे भार दोराच्या चार पदरांवर वाटणारा, असेल तर हातात येतात १० किलो, घर्षण धरून थोडे जास्त. कुठे १८५ आणि कुठे १०!

वेगळा दांडा नसेल तर पुष्कळ जण बूमच, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडाच वापरतात, आणि मेनशीटचाच, म्हणजे मुख्य शीड आवरणाऱ्या दोराचाच टॅकल. चालतं, पण दोन गोष्टी पाहा. पहिली, दोराची लांबी. दांडा उभा असताना त्याच्या टोकापासून नाळेपर्यंतचं अंतर ३.२ मीटर धरलं, तर चौपट टॅकलमध्ये १३ मीटर दोर नुसता अडकून पडतो. त्यावर हातात धरायला, क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला गुंडाळायला आणखी दोन-तीन मीटर हवेत. मेनशीट तेवढा लांब नसला तर काठी उतरताना मध्येच दोर संपतो. दुसरी, दांड्याला दोन्ही बाजूंनी दोर बांधलेच पाहिजेत. ओढ लागली की दांडा दाबाखाली येतो आणि हलकेच निमित्त मिळालं तरी डावीकडे किंवा उजवीकडे कोलमडतो. हे बाजूचे दोर कुठे बांधायचे, ते प्रश्न १० मध्ये आहे.

९. ए-फ्रेम चांगली की जिन पोल?

ए-फ्रेमला दोन पाय असतात, एक बोटीच्या या कडेला, एक त्या कडेला. ती बाजूला कोलमडत नाही, त्यामुळे तिला बाजूचे दोर लागत नाहीत. अट एकच: दोन्ही पाय काठीच्या बिजागरीच्या सरळ रेषेत टेकले पाहिजेत. काठी जड असेल तर मी ए-फ्रेम निवडेन. ठेवायला जागा जास्त लागते, एवढाच तोटा.

१०. काठी वर जाताना डावी-उजवीकडे झोके का घेते? श्राउड तर लावलेल्या आहेत.

श्राउड लावलेल्या असतात, पण त्या ताठ नसतात. हे समजायला काडी आणि दोरा घेऊन बसा. काडी टेबलावरच्या पुस्तकावर उभी धरा, तिच्या टोकाला दोरा बांधा आणि दोऱ्याचं दुसरं टोक पुस्तकाशेजारी टेबलावर चिकटवा. काडी उभी असताना दोरा ताठ आहे. आता काडी मागे झुकवा. दोरा लगेच सैल पडेल. छोट्या बोटींवर नेमकं हेच होतं: काठी केबिनच्या छतावर आणि श्राउडच्या पट्ट्या खाली डेकवर. पट्ट्या काठीच्या थोड्या मागे असतील तर श्राउड आणखीच सैल पडतात. म्हणजे काठी उभी असताना जे तिला सांभाळतं, तेच ती झुकलेली असताना कामाचं उरत नाही.

पट्ट्या बिजागरीच्या पुढे असतील तर नेमकं उलटं: काठी मागे झुकवली की तारा ताणत जातात आणि काहीतरी वाकतं किंवा तुटतं. काठीच्या पुढे उतरणाऱ्या खालच्या श्राउड म्हणूनच आधी सोडाव्या लागतात.

उपाय म्हणजे तात्पुरते बाजूचे दोर. काठीच्या साधारण मध्यावरून दोन्ही अंगांना एकेक दोर, न ताणणारा. त्याचं खालचं टोक बिजागरीच्या अक्षाच्या सरळ रेषेत यायला हवं, उंचीनेही आणि पुढे-मागेही. तरच काठी कुठल्याही कोनात असली तरी दोराची लांबी तीच राहते. तिथे बांधायला काही नसेल तर लगाम करा: एक मजबूत रिंग, तिला दोन दोर, एक डेकवर पुढे बांधलेला, एक मागे, असे की ओढ लागल्यावर रिंग बिजागरीच्या रेषेत अधांतरी राहील. काठीचा दोर या रिंगेला. जिन पोलचे बाजूचे दोरही याच रिंगेला आले की काम झालं.

एकदा माप जमलं की दोरांच्या गाठी कायमच्या करून ठेवा. दर वेळी नव्याने मोजत बसलं की एक दिवस घाईत चूक होते.

११. काठी उभी झाली, पण टर्नबकल वाकला. माझं काय चुकलं?

तो आडवा पडलेला होता आणि तुम्ही पाहिलं नाही. हे मी सांगू शकतो, कारण माझ्या डाव्या वरच्या श्राउडचं असंच झालं होतं. काठी जवळजवळ उभी, शेवटचे चार-पाच अंश उरलेले, दोर अचानक जड लागला, आणि मी आणखी जोर लावला. तार सैल असताना टर्नबकल कडेला कलंडला होता. तार ताणू लागली तेव्हा तो उभा व्हायच्या ऐवजी डेकच्या पट्टीच्या कडेला अडला, आणि काठीचा सगळा ताण त्याच्या आट्यांच्या दांड्यावर आडवा आला. दांडा फार नाही, पेन्सिलीच्या टोकाएवढा वाकला होता. लांबून दिसलाही नसता. बोट घेऊन थेट पाण्यात गेलो असतो तर पहिल्या मोठ्या झोताला तो तुटला असता.

वाकलेला दांडा ठोकून सरळ करायचा नाही. आट्यांच्या खोबणीत चीर पडलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही. नवा बसवायचा.

असं पुन्हा होऊ नये म्हणून टर्नबकलच्या खाली दोन्ही दिशांना वळणारा जोड, म्हणजे टॉगल, हवाच. त्याशिवाय टर्नबकल आणि तारेचा खालचा हातभर भाग प्लास्टिकच्या नळीत घालून उभा ठेवता येतो. आणि शेवटच्या १० अंशांत एका माणसाने फक्त टर्नबकलकडे पाहायचं.

१२. उभी करण्याचा क्रम एकदा सलग सांगाल का?

काठी टेकूवर ठेवून पाय बिजागरीत बसवा, बोल्ट घाला, नट लावा. दोन्ही वरच्या श्राउड, मागच्या बाजूच्या खालच्या श्राउड आणि बॅकस्टे जोडा, टर्नबकल सैल ठेवून. रिंगा लगेच घाला, नंतरसाठी ठेवू नका. तात्पुरते बाजूचे दोर बांधा. जिन पोल लावा, त्याचे दोर बांधा, टॅकल नाळेला जोडा. हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचे दोर, काठीला आवळून बांधा, नाहीतर ते कशाततरी अडकतात.

आता टॅकल ओढून काठी टेकूवरून फक्त हातभर उचला आणि क्लीटला अडकवून थांबा. बोटीभोवती एक फेरी मारा. तारा कशात अडकल्यात का, स्प्रेडरवरून निसटल्यात का, जिन पोलचा दांडा सरळ आहे का, टॅकलच्या कप्प्या वळल्यात का. ही फेरी मी कधीच चुकवत नाही. काठी इतकी खाली असताना चूक सापडली तर ती परत टेकूवर ठेवायला दहा सेकंद लागतात.

मग सावकाश, एका लयीत वर. ४५ अंशांवर पुन्हा थांबा, पुन्हा पाहा. उभी झाली की टॅकल घट्ट अडकवा, फोरस्टे जोडा, पिन घाला, रिंग घाला, आणि मगच टॅकलचा ताण सोडा. पुढच्या खालच्या श्राउड त्यानंतर. शेवटी टर्नबकल दोन्ही बाजूंना सारखे आवळा. काठी सरळ आहे का हे पाहायला मुख्य हॅलयार्डचं टोक दोन्ही बाजूंच्या पट्टीपर्यंत आळीपाळीने नेऊन अंतर ताडून पाहा. टर्नबकल आपोआप सुटू नयेत म्हणून त्यांनाही पिना घालायला विसरू नका.

१३. उतरवताना हाच क्रम उलटा करायचा ना?

जवळपास, पण एक फरक जिवावरचा आहे. चढवताना सगळ्यात जड भाग सुरुवातीला असतो, उतरवताना शेवटी. त्यामुळे सुरुवातीला सगळं हलकं वाटतं आणि माणूस दोर नुसता हातात धरून उभा राहतो. काठी निम्म्याच्या खाली आली की तोच दोर हातातून सरकू लागतो आणि तळवे सोलून काढतो. दोर पहिल्यापासून क्लीटला किंवा विंचला, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या पिंपाला, वळसे देऊनच सोडायचा. हातमोजे घाला, आणि दोर हाताभोवती कधीही गुंडाळू नका.

फोरस्टेची पिन काढण्याची एक खूण सांगतो. आधी बॅकस्टे सैल करा, मग टॅकल ओढून काठीचा भार टॅकलवर घ्या. आता पिन दोन बोटांनी हलवून पाहा. अलगद निघाली तर फोरस्टेवर ताण नाही. निघत नसेल तर ताण अजून तिच्यावरच आहे. अशा वेळी हातोडी घेऊ नका, टॅकल आणखी ओढा. ठोकून काढलेल्या पिनेबरोबर काठी थेट मागे गेल्याच्या गोष्टी या छंदातल्या प्रत्येकाने ऐकलेल्या असतात.

पिन निघाली तरी काठी लगेच हलणार नाही, ती तोल सांभाळून उभी राहते. एकाने बॅकस्टे हळूच मागे ओढायचा, दुसऱ्याने दोर सोडायचा. टेकू मागे आधीच उभा हवा.

१४. काठी अर्ध्यावर अडकली तर?

दोर अडकवा आणि हात काढून घ्या. जोर लावू नका. काठीखाली न जाता कारण शोधा: बहुतेक वेळा एखादी तार क्लीटमध्ये, झाकणाच्या कडेत किंवा ट्रेलरच्या दिव्यात अडकलेली असते, नाहीतर सोडायची राहिलेली पुढची श्राउड असते, नाहीतर टर्नबकल, प्रश्न ११ सारखा. ताणलेली तार हाताने सोडवायला जाऊ नका. काठी थोडी खाली घ्या, तार सैल पडू द्या, मग सोडवा. कारण सापडत नसेल तर पूर्ण खाली.

१५. काठी सुटून पडू लागली तर तिला धरायचं का?

नाही. ओरडा आणि बाजूला व्हा. ८ मीटरची काठी उभी असताना सुटली आणि कशानेही न अडता आडवी झाली, तर तिचं टोक शेवटी ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने येतं. हे पुढे केलेल्या हातांनी थांबत नाही. बोट दुरुस्त होते. काठी कुठल्या बाजूला पडेल आणि आपण कुठल्या बाजूला जायचं, हे काम सुरू करण्याआधीच एकमेकांना सांगून ठेवा.

१६. माझ्या बोटीवर रोलर फर्लर आहे. त्याने काय फरक पडतो?

बराच. फर्लर म्हणजे पुढचं शीड फोरस्टेभोवती गुंडाळून ठेवणारी यंत्रणा; तिच्यात फोरस्टेभोवती ॲल्युमिनियमची लांब पन्हळ असते आणि खाली जड ड्रम. पन्हळ एकदा मुडपली की ती पुन्हा नीट फिरत नाही. म्हणून काठी फोरस्टेने उचलायची नाही. पुढच्या शिडाचा हॅलयार्ड जिन पोलच्या टोकाला बांधा आणि भार त्यावर घ्या. हॅलयार्डचं दुसरं टोक काठीवरच्या क्लीटला भरपूर वळसे देऊन पक्कं केलंय ना, ते दोनदा पाहा, कारण आता सगळी काठी त्या क्लीटवर आहे. टोकाच्या बटणाच्या शॅकलवर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कडीवर, मी विसंबत नाही, बोलाइन गाठ मारतो.

वर जाताना ड्रम डेकवर घासत, आदळत येतो. एका माणसाने तो हातात घेऊन काठीबरोबर पुढे चालत यायचं, पन्हळीला मोठा बाक राहील असं. शीड गुंडाळलेलं ठेवू नका, आधीच उतरवा.

१७. एकट्याने करता येईल?

येतं, मी करतो. पण जिन पोल किंवा ए-फ्रेम, तात्पुरते बाजूचे दोर, आणि टॅकलचा दोर जिथे सोडाल तिथेच पकडून ठेवणारा क्लीट, ही तिन्ही असतील तरच. यातलं एक जरी नसेल तर माणूस शोधा. दर वीस-तीस अंशांनी दोर अडकवून, बोटीभोवती फिरून पाहायचं. हाकेच्या अंतरावर कुणीतरी असावं, मदतीला नसलं तरी. पहिली पाच-सहा वेळा मात्र दुसऱ्या माणसाबरोबरच करा, म्हणजे तुमच्या बोटीवर काय काय अडकतं ते कळेल.

१८. तारा नसलेल्या छोट्या काठ्यांचं काय?

ऑप्टिमिस्ट किंवा लेझरसारख्या बोटींत काठी उभी धरून सरळ भोकात सोडायची असते. काठी आडवी असताना पाय कशाला तरी अडवा, टोकाकडून हात सरकवत उभी करा, मग उचला. वाऱ्याकडे पाठ नको, वारा कुठून येतोय ते दिसत राहू दे. काठी भोकात तिरकी शिरली तर भोकाची कडा फुटते, म्हणून सोडताना ती सरळ आहे ना ते दुसऱ्याने बाजूने पाहावं. आणि बोट उलटली तर काठी निसटून जाऊ नये म्हणून तिला बांधणारा दोर किंवा पकड लावल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. वीजतारांचा नियम इथेही तोच.

१९. बोट पाण्यात असताना, पुलाखालून जाण्यासाठी काठी उतरवता येईल का?

बोट धक्क्याला बांधलेली असेल, पाणी शांत असेल आणि शेजारून मोटरबोटी जात नसतील तर येईल. बोट नुसती ५ अंश डुलली तरी ८ मीटर उंचीवरचं टोक ७० सेंटिमीटर बाजूला जातं. त्यामुळे तात्पुरते बाजूचे दोर इथे सक्तीचे, आणि माणसांनी बोटीच्या मधल्या रेषेतच राहायचं. पूल समोर दिसू लागल्यावर चालत्या बोटीवर काठी उतरवायला घेऊ नका, आधीच बांधून उतरवा. उंची मोजताना अँटेना धरा, आणि भरती असेल तर पुलाखालची मोकळी जागा दर तासाला कमी होतेय हेही धरा.

इंग्लंडच्या नॉरफोक ब्रॉड्समधल्या जुन्या मालवाहू व्हेरी बोटी पुलांखालून जाताना काठी सहज उतरवत, कारण त्यांच्या काठीच्या पायाला शिशाचं जड वजन असे आणि काठी तराजूसारखी तोललेली राही. तसं वजन आपल्या बोटीला नाही, हे लक्षात ठेवा.

२०. काठी मागे न घेता पुढे, नाळेकडे उतरवायची असेल तर?

सगळ्या भूमिका बदलतात. आता भार बॅकस्टेच्या जागी लावलेल्या टॅकलवर येतो, जिन पोल काठीच्या मागे लागतो, आणि सोडायच्या त्या मागच्या खालच्या श्राउड. मोठी अडचण वेगळीच आहे. हल्लीच्या बऱ्याच बोटींच्या श्राउडच्या पट्ट्या काठीच्या मागे असतात. मागे उतरवताना अशा श्राउड सैल पडतात, पुढे उतरवताना त्या ताणतात. तशी बोट असेल तर टर्नबकल पुरेसे सैल केल्याशिवाय, आणि बाजूचा सगळा भार तात्पुरत्या दोरांवर घेतल्याशिवाय पुढे उतरवू नका. प्रश्न १० मधला काडी-दोऱ्याचा प्रयोग आपल्या बोटीच्या मापांनी करून पाहा, लगेच कळेल.

२१. उतरवलेली काठी प्रवासात कशी ठेवायची?

तीन ठिकाणी आधार द्या: नाळेवर, मध्ये आणि मागे. दोनच आधार असले तर काठी रस्ताभर मध्ये लवत राहते. तारा काठीला पट्ट्यांनी बांधा, टर्नबकल फडक्यात गुंडाळा, मागे बाहेर येणाऱ्या टोकाला लाल फडकं लावा. काढलेली प्रत्येक पिन तिच्याच भोकात परत घाला आणि रिंगही लावून टाका. खिशात ठेवलेली रिंग पुढच्या वेळी सापडत नाही, आणि मग तिच्या जागी कुणीतरी तारेचा तुकडा वाकवून घालतो.